कमी करिश्म्याची माणसं

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. मागे एकदा लिहायला घेतला होता आणि अर्धवट सोडला, कारण लिहिता लिहिता लक्षात आलं की यात माझीच एक चूक कबूल करावी लागणार. ती सुरुवातीलाच करून टाकतो, म्हणजे पुढे इतिहास सांगायला मोकळा.

साल २००६. आम्ही पाच जण, सगळे सॉफ्टवेअरवाले, दर शनिवारी दुपारी कोथरूडमधल्या एका मित्राच्या फ्लॅटवर जमायचो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचो. एकजण ऑनसाइटहून येताना जाडजूड नियमपुस्तकं घेऊन आला होता, त्यावर आमचा संसार चालायचा. डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी. खेळणाऱ्यांपैकी दोघांबद्दल सांगायचंय. एकाने घेतला होता ड्वार्फ, म्हणजे दाढीवाला बुटका लढवय्या. करिश्मा ६. दुसऱ्याने घेतला होता बार्ड. शाहीरच म्हणा ना. गाणारा, बोलणारा, माणसं जिंकणारा. करिश्मा १६.

आता गंमत अशी की ड्वार्फ खेळणारा आमचा मित्र म्हणजे जन्मजात वकील. रिक्षावाल्यापासून प्रोजेक्ट मॅनेजरपर्यंत सगळ्यांना गुंडाळणारा. आणि शाहीर खेळणारा मित्र बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. मुद्दाम त्याने शाहीर निवडला होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुलावरचे पहारेकरी अडवायचे, सरदार जाब विचारायचा, आणि मी म्हणायचो, “हं, बोला, काय सांगता त्याला?” ड्वार्फ एक फर्डं भाषण ठोकायचा, सगळे हसायचे, मीही हसायचो आणि म्हणायचो, “जा, सोडलं तुम्हाला.” शाहिराने तोंड उघडलं की दोन वाक्यांत तो अडकायचा, खोलीत शांतता पसरायची आणि मी घाईघाईने म्हणायचो, “बरं, पहारेकऱ्याला काही फारसं पटलेलं दिसत नाही.” फासे टाकायला सांगायचं माझ्या डोक्यातही यायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी तो म्हणाला, “मी पुढच्या वेळी तलवारवाला घेतो रे. त्याला बोलावं लागत नाही.” त्यानंतर तो दोनदा आला आणि मग यायचा बंद झाला. आम्हीही कारण विचारलं नाही. ऑफिसचं काम असेल म्हणून सोडून दिलं.

असो. आता इतिहास.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. यात पट असेलच असं नाही. एकजण जग सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात वावरतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. प्रत्येक पात्राला सहा आकडे असतात: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि शेवटी करिश्मा. मूळ पद्धतीत तीन साधे फासे टाकून येणारी बेरीज म्हणजे तो आकडा. म्हणजे कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८, सरासरी साडेदहा. पहिल्या पाचांचा अर्थ कोणालाही कळतो. सहाव्याचा अर्थ काय, यावर पन्नास वर्षं वाद चाललाय.

थोडं विषयांतर. आपल्या वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या दिवसांत ‘नेत्याचा करिश्मा’ नेहमी भेटतो. हा शब्द आपल्याकडे आला फारसीतून, तिथे त्याचा अर्थ नखरा, नजरेची जादू, चमत्कार असा. इंग्रजीतला ‘करिस्मा’ आला ग्रीकमधून, अर्थ ‘कृपेने मिळालेलं दान’. दोन्ही शब्द दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. ग्रीक शब्द चर्चच्या परिभाषेत पडून होता. त्याला राजकारणात आणलं जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने. तो १९२० साली गेला, त्याचा मोठा ग्रंथ नंतर १९२२ मध्ये पुस्तकरूपाने पुरा झाला. वेबरचा एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि पुढे तो कामाला येणार आहे. त्याचं म्हणणं असं की करिश्मा खरोखर त्या माणसात आहे की नाही हा प्रश्नच नाही. अनुयायी त्याला मानतात की नाही, एवढंच महत्त्वाचं. मानणारे संपले की करिश्मा संपला.

आता १९७४ च्या जानेवारीत येऊ. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्सच्या छोट्याशा कंपनीने तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची. लेखक दोघे: गायगॅक्स आणि मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन. दोघंही मूळचे युद्धखेळवाले. म्हणजे टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणारे. त्या खेळांत एक गोष्ट हमखास असायची: पलटणीचं मनोधैर्य. किती माणसं पडल्यावर उरलेली पळ काढतील, सेनापती जवळ असेल तर टिकतील का, याचे तक्ते असायचे. गायगॅक्सच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळातही ते होतेच.

हे लक्षात घेतलं की १९७४ मधला करिश्मा लगेच समजतो. त्या पुस्तिकेत करिश्म्याची व्याख्या रूप, व्यक्तिमत्त्व वगैरे अशी एका फटकाऱ्यात उरकलीय. मग लगेच मुख्य काम सांगितलंय: खास प्रकारचे भाडोत्री सोबती किती मिळतील ते ठरवणं. आणि खाली तक्ता. करिश्मा ३ किंवा ४ असेल तर एकच सोबती आणि त्याच्या निष्ठेत २ वजा. १० ते १२ असेल तर चार सोबती, निष्ठेत फरक नाही. १८ असेल तर बारा सोबती आणि निष्ठेत ४ अधिक. (त्याच परिच्छेदात अशीही एक नोंद आहे की चेटकिणीने पकडलं तर ती तुमचं डुक्कर करील की प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हेही या आकड्यावरून ठरवता येईल. सत्तरच्या दशकातली नियमपुस्तकं वाचायला फार मजा येते.)

बघा, यात ‘गोड बोलणं’ कुठेच नाही. आपल्याकडे एक छान शब्दप्रयोग आहे, ‘पदरी माणसं असणं’. १९७४ चा करिश्मा म्हणजे तोच. तुमच्या पदरी किती माणसं राहतील आणि वेळ आली तर त्यातली किती टिकतील. वेबर जे म्हणत होता त्याच्या हे खूप जवळ जातं. गायगॅक्सने वेबर वाचला होता असं मी म्हणत नाही, पण युद्धखेळाच्या तक्त्याने त्याला बरोबर तिथेच नेऊन सोडलं.

आणि दुसरी गोष्ट. आकडे टाकायचे ते क्रमाने. पहिली बेरीज ताकदीची, शेवटची करिश्म्याची, अदलाबदल नाही. पुढे १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हेने नवशिक्यांसाठी लिहिलेल्या सोप्या आवृत्तीत काही आकडे कमी करून दुसरे वाढवायची थोडी मुभा होती, पण करिश्मा त्यातून वगळलेला. म्हणजे कमी करिश्मा हे नशीब होतं. तीन फाशांवर ५ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता २१६ मध्ये १०, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. ८ किंवा कमी येण्याची २१६ मध्ये ५६, म्हणजे जवळजवळ २६ टक्के. चारातला एक. मग त्या नशिबाचं काय करायचं, हा खेळाडूपुढचा खरा प्रश्न होता.

आणि त्याला उत्तर होतं! ही गोष्ट मला फार उशिरा कळली. १९७८ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक आलं आणि १९७९ मध्ये डंजन मास्टरचं. त्यात निष्ठेचा हिशेब टक्क्यांत आहे. पाया ५० टक्के. करिश्मा १८ असेल तर ४० अधिक, ३ असेल तर ३० वजा. म्हणजे एकाचे लोक ९० टक्के निष्ठावान, दुसऱ्याचे २० टक्के. पण हिशेब इथे संपत नाही. पुढे आणखी तक्ते आहेत: किती वर्षं सोबत आहेत, पगार वेळेवर आणि पुरेसा मिळतो का, शिस्त कशी आहे, मालक न्यायाने वागतो की छळतो, दुष्ट आहे की भला. हे सगळं बेरजेत धरायचं. म्हणजे करिश्मा हा फक्त पहिल्या दिवशीचा आकडा. पुढचं वागणुकीवर. देखणा, छाप पाडणारा, पण पगार बुडवणारा सरदार आणि तुसडा, घुमा, पण शब्दाला जागणारा सरदार, यांचे आकडे काही वर्षांत एकमेकांना गाठू शकतात. एखादा कंपनी चालवणारा वाचत असेल तर त्याने हे पान जरूर मिळवून वाचावं :-)

त्याच पुस्तकात गायगॅक्स जरा वैतागून सांगतो की करिश्मा म्हणजे सौंदर्य हा लोकांचा खेदजनक गैरसमज आहे. उदाहरणं देतो ज्युलियस सीझर, नेपोलियन आणि हिटलरची. यातले कोणी रूपासाठी प्रसिद्ध नव्हते, पण माणसं त्यांच्यामागे मरायला तयार झाली. हिटलरचं नाव वाचून दचकायला होतं, पण मुद्दा स्पष्ट होतो. या आकड्याचा चांगुलपणाशीही संबंध नाही.

आणखी एक बारीक गंमत. १९७८ च्या पुस्तकात ड्वार्फ घेतला तर करिश्म्यातून १ वजा होतो, पण तो इतरांच्या नजरेत. ड्वार्फांमध्ये वजा नाही. म्हणजे आकडा कोण बघतंय यावर बदलतो. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा माणूस शहरातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसलेला असतो, ते आपण बघतोच की.

आता १९८१ च्या सोप्या आवृत्तीचं गणित, कारण पुढे लागणार आहे. तिथे पदरच्या माणसाचं मनोधैर्य मालकाच्या करिश्म्यावरून ठरतं. ३ ला ४, चार-पाचला ५, मधल्या ९ ते १२ ला ७, आणि १८ ला १०. संकट आलं की दोन फासे टाकायचे. बेरीज मनोधैर्याइतकी किंवा कमी आली तर माणूस थांबतो, नाहीतर पळतो. मनोधैर्य ५ असेल तर थांबण्याची शक्यता ३६ मध्ये १०, म्हणजे २८ टक्के. ७ असेल तर ३६ मध्ये २१, म्हणजे ५८ टक्के. १० असेल तर ९२ टक्के. शिवाय नियमच सांगतो की मालक कसा वागवतो ते बघून डंजन मास्टरने हा आकडा वरखाली करावा.

अनोळखी प्राणी किंवा माणसं समोर आली की काय करायचं, त्यालाही एक तक्ता आहे. दोन फासे. २ आले तर सरळ हल्ला, १२ आले तर गळ्यात गळा, मध्ये ६ ते ८ म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’. ही मधली शक्यता ३६ मध्ये १६, म्हणजे ४४ टक्के. करिश्म्यामुळे यात जास्तीत जास्त २ ची वजाबाकी किंवा बेरीज. यातली योजना छान आहे. आधी फासे सांगतात की समोरच्याचा मूड काय आहे, मग तुम्ही बोलता. आणि जवळजवळ निम्म्या वेळा तुम्ही काय देऊ करता, काय सांगता यालाच वाव राहतो. कमी करिश्म्याच्या माणसासाठीही.

मग बिघडलं कुठे?

माझ्या मते दोन गोष्टी झाल्या. पहिली, नशिबाची निवड झाली. १९७९ च्या पुस्तकातच पात्र बनवायची पहिली पद्धत अशी दिलीय: चार फासे टाका, सर्वांत लहान काढून टाका, असं सहा वेळा करा आणि आकडे हवे तिथे मांडा. आता सर्वांत वाईट आकडा कुठेतरी टाकावा लागणार. तलवारवाला तो ताकदीत टाकणार नाही, चेटक्या बुद्धीत टाकणार नाही. मग उरला करिश्मा. अशा आकड्याला इंग्रजीत सरळ ‘कचऱ्यात टाकायचा आकडा’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला: डंप स्टॅट.

दुसरी, पदरची माणसंच गेली. सुरुवातीच्या खेळात सात-आठ मशालजी, भालेकरी, हमाल घेऊन भुयारात उतरणं सर्रास चालायचं. १९८४ पासून ड्रॅगनलान्स मालिका आली. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या कादंबऱ्याही त्यातूनच निघाल्या. या साहसांत तयार नायक-नायिका होत्या, मोठी कथा होती, प्रेम, दगा, युद्ध. अशा कथेत पगारी हमालांचा हिशेब ठेवायला कोणाला वेळ? नियम पुस्तकात राहिले, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही होते, पण टेबलावरून हळूहळू उठले. आणि ज्या कामासाठी करिश्मा होता ते कामच संपलं. आमच्या धंद्यात असं होतं. एखादं मॉड्यूल काढून टाकतात, पण त्याच्यासाठी ठेवलेला व्हेरिएबल तसाच राहतो. मग नवीन माणूस येतो आणि त्याला वाटतं की हा कशासाठी तरी असणार.

कॉम्प्युटरवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. १९८१ मध्ये अ‍ॅपल टू वर आलेल्या ‘विझर्ड्री’त सहा आकडे आहेत, पण करिश्मा नाही! त्याच्या जागी नशीब. बरोबरच आहे, तेव्हाच्या मशीनमध्ये कोणाशी बोलणार? उलट १९९८ च्या ‘फॉलआउट २’ मध्ये किती साथीदार घेता येतील ते करिश्म्याच्या निम्मे, असा सरळ नियम होता. चोवीस वर्षांनी १९७४ चा तक्ता एका वेगळ्याच खेळात परत उगवला.

रिकाम्या झालेल्या आकड्यात मग प्रत्येकाने आपापला अर्थ भरला. १९८५ मध्ये गायगॅक्सनेच सौंदर्याचा वेगळा, सातवा आकडा काढून बघितला. तो टिकला नाही. १९९५ मध्ये दुसऱ्या आवृत्तीच्या एका पुरवणीत करिश्म्याचे दोन तुकडे केले, नेतृत्व आणि रूप. इतर खेळांनी आपल्या वाटा काढल्या. ‘ट्रॅव्हलर’ने १९७७ मध्ये करिश्म्याऐवजी सामाजिक दर्जा घेतला. ‘कॉल ऑफ क्थुलू’ने १९८१ मध्ये फक्त रूप ठेवलं. ‘गर्प्स’ने १९८६ मध्ये हा मूलभूत आकडाच काढून टाकला आणि दिसणं, आवाज, वाईट सवयी यांचे सुटे सुटे गुणदोष केले. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये करिश्मा, डावपेच आणि रूप असे तीन आकडे आहेत, आणि त्यात नोस्फेराटू नावाच्या एका कुळाचं रूप कायमचं शून्य. पण त्यांचा डावपेचाचा आकडा कितीही असू शकतो. ‘कमी करिश्मा म्हणजे नक्की काय कमी?’ या प्रश्नाला मला हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं. कुरूप असणं, तुसडं असणं, भित्रं असणं आणि लक्षातच न राहणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

मग २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि २००३ मध्ये तिची सुधारित, आम्ही खेळत होतो ती. इथे बोलणं हे कौशल्य झालं: मुत्सद्देगिरी, थापा मारणं, धमकावणं. वीस बाजूंचा एक फासा, अधिक कौशल्य, अधिक करिश्म्याचा फरक. मुत्सद्देगिरीला तर ठरावीक तक्ता: उदासीन माणसाला मित्र करायला १५, कट्टर शत्रूला मदतनीस करायला ५०. ५० म्हणजे अशक्य वाटतं ना? पण थोडी आकडेमोड करून वरच्या पातळीचं पात्र तिथे पोचवता यायचं, आणि मग एका मिनिटाच्या संभाषणात जीवावर उठलेला राक्षस ताट वाढायला तयार! पदरी माणसं बाळगणं मात्र एका ऐच्छिक गुणात गेलं, तोही सहाव्या पातळीपासून. करिश्मा आता पूर्णपणे वैयक्तिक झाला. माझं बोलणं, माझा फासा.

माझ्या चुकीचा हिशेब इथे मांडता येतो. आमच्या शाहिराचा करिश्मा १६, म्हणजे ३ अधिक. मुत्सद्देगिरीचं शिक्षण ४. एकूण ७ अधिक. ड्वार्फाचा ६, म्हणजे २ वजा, शिक्षण शून्य. लक्ष्य १५ असेल तर शाहिराला फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६५ टक्के. ड्वार्फाला १७ हवेत, म्हणजे २० टक्के. हा ४५ टक्क्यांचा फरक त्याने विकत घेतला होता. त्यासाठी ताकद सोडली होती, काटकपणा सोडला होता. आणि मी तो दर शनिवारी काढून ज्याचं तोंड चालतं त्याला देत होतो. फुकट. ताकद १८ असलेल्या खेळाडूला मी कधी म्हटलं नाही की गॅसचं सिलिंडर घेऊन तीन मजले चढून दाखव. पण करिश्मा १६ वाल्याला मात्र रोज ‘बोलून दाखव’.

याची दुसरी बाजूही खरी आहे, ती सांगायला हवी. सगळं फाशावरच सोडलं तर बोलायचंच कशाला? “मी मुत्सद्देगिरी टाकतो, २२.” “बरं, तो मानतो.” हा काही खेळ झाला नाही. २००८ मध्ये मॅथ्यू फिंचने जुन्या पद्धतीच्या खेळावर एक छोटी मार्गदर्शिका लिहिली, तिचा रोख हाच की खेळाडूच्या डोक्याला वाव हवा, पात्राच्या आकड्यांना नव्हे. मला ते पटतं. फक्त ‘डोकं’ आणि ‘जीभ’ यात फरक करायला हवा. काय सांगायचं हे सुचणं डोक्याचं काम. ते न अडखळता, हशा पिकवत सांगणं जिभेचं. मी जिभेला गुण देत होतो आणि स्वतःला सांगत होतो की डोक्याला देतोय.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे बरंच सुटं केलंय. तिथे स्पष्ट लिहिलंय की पात्राच्या तोंडून बोला किंवा पात्र काय करतं त्याचं नुसतं वर्णन करा, दोन्ही चालेल. “माझा शाहीर आधी सरदाराच्या मुलाच्या घोडेस्वारीचं कौतुक करतो, मग पुलाचा विषय काढतो.” एवढं पुरे. समोरच्याला कशाची ओढ आहे ते आधी शोधून काढलं आणि तेच धरून बोललं तर दोन फासे टाकून चांगला घ्यायचा. करिश्मा ६ वाल्या ड्वार्फाची २० टक्के शक्यता यामुळे ३६ टक्के होते. म्हणजे गोड बोलता येत नसेल तर आधी चौकशी करा. शिवाय एक पर्यायी नियम असा की धमकावताना करिश्म्याऐवजी ताकद धरता येते. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने आणखी एक चांगली गोष्ट केली. समोरचा तयारच असेल किंवा अजिबात तयार नसेल तर फासा टाकायचाच नाही, तो फक्त कां-कू करत असेल तेव्हा टाकायचा. १९८१ च्या ‘अजून ठरलेलं नाही’ची आठवण होते.

आणि हो, आता करिश्म्यावर जादू चालवणारे इतके वर्ग झालेत की कचऱ्यात बऱ्याचदा बुद्धी जाते. आम्हा इंजिनिअर लोकांनी यावर काय बोलावं!

तर आता मी काय करतो. कोणीही बोलो, कसंही बोलो, मी त्यातला मुद्दा घेतो. मुद्दा चांगला असेल तर लक्ष्य सोपं करतो. मग फासा टाकला जातो आणि पात्राचा आकडा लागतो. वकील मित्राचं भाषण मी थांबवत नाही, त्याशिवाय शनिवार तो कसला. पण फासा वाईट पडला तर त्यालाच विचारतो, “तू हे सगळं बोललास, तरी सरदाराला राग आला. कशामुळे आला असेल?” आणि तोच सांगतो की बोलताना त्याचा ड्वार्फ सरदाराच्या ताटातलं उचलून खात होता. आपल्या पात्राचा करिश्मा नक्की कशात कमी आहे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी कोणावर मूर्खपणा किंवा कुरूपपणा लादत नाही. मूर्खपणासाठी वेगळा आकडा आहे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कॉलवर खेळ पुन्हा सुरू केला. त्या मित्राला मीच फोन केला. आधी २००६ बद्दल माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, “अरे, चौदा वर्षं झाली. पण बरं झालं बोललास.” आणि आला. त्या वेळी आम्ही मुद्दाम १९८१ चे नियम घेतले होते, तीन फासे, क्रमाने. त्याचा करिश्मा आला ५. मी म्हटलं, “परत टाक हवं तर.” तो म्हणाला, “नियमात आहे का? नाही ना? मग राहू दे.”

करिश्मा ५ म्हणजे पदरी जास्तीत जास्त दोन माणसं. त्याने दोन मशालजी ठेवले. पगार आगाऊ दिला. लुटीतला निम्मा वाटा कबूल केला आणि दर वेळी मोजून दिला. एकदा एकाला मोठ्या कोळ्याने चावलं, तेव्हा चांदीची पेटी तिथेच टाकून त्याला पाठीवर घेऊन बाहेर आला. वकील मित्र कॉलवर ओरडत होता, “अरे पेटी! पेटी!” मी माझ्या वहीत त्या दोघांचं मनोधैर्य ५ खोडून ६ केलं, आणि पुढे ७.

दोन-तीन आठवड्यांनी भुयारात ओगर समोर आला. वकील मित्राचा पगारी भालेकरी, ज्याला तीन आठवडे नुसत्या गोष्टी आणि आश्वासनं मिळाली होती, मशाल टाकून पळाला. मग मी पहिल्या मशालजीसाठी फासे टाकले. बेरीज ६. मनोधैर्य ५ असतं तर तोही गेला असता.

“थांबला,” मी म्हटलं. “मशाल वर धरून उभा आहे. तुझ्याकडे बघतोय.”

मित्र काही बोलला नाही. चॅटमध्ये त्याने टाइप केलं: मी त्याच्या पुढे जाऊन उभा राहतो.

तूर्तास इतकंच. आकडेमोडीत काही चुकलं असेल तर चू. भू. द्या. घ्या.